राजा पॅडाचं सिंहासन

२ फेब्रुवारी, सकाळ
नवी वही. नवं पेन. संकल्प तीनच : रोज लिहायचं, बायकोशी, म्हणजे हिल्डाशी, वाद घालायचा नाही, आणि गावाच्या नावाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

कारण मोठं आहे. आमचं कौन्सिल हिरवळीवर गावाची पाटी उभारणार. ओकचा खांब, त्यावर कोरीव रंगीत चित्र. इंग्लंडातल्या या नॉरफोक परगण्यात सगळ्या गावांना अशी पाटी आहे, आमच्याच नशिबी नाही. चित्रात गावाचं नाव कसं पडलं ते दाखवायचं, आणि ज्यानं ते शोधून काढलं त्याचं नाव खाली बारीक अक्षरांत कोरायचं.

ते नाव माझं असणार. डेस्मंड पिलबीम. अकरा वर्षं झाली इथे राहायला येऊन, तरी दुकानात अजून मला 'ते नवीन आलेले' म्हणतात. या जिल्ह्यात मी जन्मभर ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या. निम्मं गाव माझ्या शेजारी बसून घामाघूम झालंय. तरी मी नवीन! ओकमध्ये नाव कोरलं गेलं की मग बघू कोण नवीन म्हणतो ते.

२ फेब्रुवारी, दुपार
हिल्डाशी वाद झाला.

५ फेब्रुवारी
गावाचं नाव लिहितात पॅडमर्टन आणि म्हणतात पॅम्न. मधली अक्षरं हे लोक हजार वर्षं चहात बुडवून खातायत. परक्यानं पूर्ण नाव उच्चारलं की पबमध्ये हशा पिकतो. मी पूर्णच उच्चारतो. शिस्त म्हणजे शिस्त.

मूळ नाव असं : पॅडा, मेरे, टून. मेरे म्हणजे तळं. टून म्हणजे वस्ती. इथवर कुणाचं दुमत नाही. राहिला पॅडा. तो कोण?

राजा. उघड आहे. एवढं मोठं तळं (उन्हाळ्यात जरा आटतं) राजाशिवाय कुणाचं असणार? इतिहासात त्याचं नाव कुठेच सापडत नाही. इतका जुना.

हिल्डा म्हणाली, अरे, जुन्या भाषेत पॅड म्हणजे बेडूक. बेडकांचं तळं, तिथली वस्ती. संपलं. मी म्हणालो, बेडकाच्या नावानं कुणी गाव वसवत नाही. ती म्हणाली, मग आपल्या तळ्यात काय राजे ओरडतात?

विषय बदलला.

४ मार्च
बायको बेडूक-गस्तीची कॅप्टन असणं हे एका संशोधकाच्या वाट्याला यावं, हा दैवदुर्विलास आहे.

दरवर्षी हेच. थंडी ओसरून पाऊस पडला की संध्याकाळी रानातले बेडूक रस्ता ओलांडून तळ्याकडे निघतात, आणि गावातले सुशिक्षित लोक पिवळी चमकती जाकिटं घालून, हातात बादल्या घेऊन त्यांना पलीकडे पोचवतात. गाड्या थांबवतात! डॉक्टरची गाडीसुद्धा थांबवली होती एकदा.

मी त्याच रस्त्यावर गुडघ्यांवर बसून पॅडाच्या राजमार्गाची रुंदी मोजत होतो. कौन्सिलच्या अध्यक्षा मिसेस ऑक्सबरो बादली घेऊन आल्या. म्हणाल्या, मिस्टर पिलबीम, टेप ठेवा बाजूला आणि उजवा पाय उचला, खाली आमचे दोन प्रवासी आहेत. एक प्रवासी माझ्या बुटात होता. सगळा रस्ता बेडकांनी भरलेला, पाय टाकायला जागा नाही. यात संशोधन कसं करायचं?

तळ्यात बेडूक असणं हा निव्वळ योगायोग आहे. तसं लिहून ठेवतो.

१९ मार्च
विजय! कौन्सिलच्या मीटिंगमध्ये माझा राजा मांडला. नकाशे, वंशवेल (अंदाजे), राज्याभिषेकाचं चित्र (माझं, वॉटरकलर). भाषण संपलं तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. मागच्या रांगेत एकजण घोरत होता, तेवढं सोडून.

मिसेस ऑक्सबरो उठल्या आणि म्हणाल्या, अत्यंत इंटरेस्टिंग. शेजारचे म्हणाले, खरंच, अत्यंत इंटरेस्टिंग. बाहेर कोट घालताना आणखी तिघांनी तेच म्हटलं.

गाडीत हिल्डा म्हणाली, डेस्मंड, अत्यंत इंटरेस्टिंग म्हणजे 'नाही'. याच देशात जन्मलास ना तू? एवढं कळू नये?

माणूस जवळचा असला की त्यालाच पोटदुखी होते.

मिसेस ऑक्सबरो निःपक्षपाती निघाल्या याचं मात्र कौतुक वाटलं. त्यांना मी तीनदा नापास केलंय. आधी आरसा, मग सिग्नल, मग हालचाल. एवढं साधं सूत्र, पण बाईंना शेवटपर्यंत जमलं नाही. आजही सायकलवरून हिंडतात. पण मनात अढी नाही हो त्यांच्या. तीनदा कारण सांगून नापास केलं होतं, त्याचा हा परिणाम.

२ एप्रिल
पबमध्ये रॉन कॅचपोलला गाठलं. पाटी तोच कोरणार. सुतार चांगला, पण बुद्धीला धार नाही.

रॉन म्हणाला, हे बघ डेस, राजा काय आणि बेडूक काय, मला ओक तेवढाच लागतो. पण तुझ्या राजाचं तोंड कसं होतं ते तरी सांग. मी सांगितलं, राजबिंडं, करारी, जरा पुढे आलेली हनुवटी. आणि सहज बाजूला वळून बसलो, म्हणजे त्याला अंदाज यावा. रॉननं बराच वेळ बघितलं. एक बिअर संपवली. मग म्हणाला, बेडूकच सोपा जाईल.

नवा संकल्प : पबमध्ये जाणं कमी करायचं.

३ एप्रिल
पब. (रॉनचं मत वळवायला.)

२३ एप्रिल
आज सभागृहात डॉ. ग्रीव्हज नावाच्या बाईंचं व्याख्यान. गावांच्या नावांवरच जन्म घातलाय त्यांनी. प्रश्नोत्तरांत मी पहिला उठलो आणि शेवटी बसलो.

बाई म्हणाल्या, पॅडा हे माणसाचं नाव असू शकतं, अशक्य नाही. (टाळ्या. माझ्या.) पुढे म्हणाल्या, पण प्रत्येक गावाला आपला राजाच हवा असतो हो. प्रत्यक्षात बहुतेक नावं म्हणजे कुणीतरी साधा माणूस आणि त्याचं डबकं. तो तिथे राहिला, किंवा पडला, किंवा मेला, आणि शेजाऱ्यांना जागा सांगायला तेवढं पुरलं. आणि तुमच्याकडे तर बेडकांचीच शक्यता जास्त, येताना माझी गाडी थांबवली होती.

सारांश : तज्ज्ञांनी पॅडाला दुजोरा दिला.

हिल्डा घरी येईपर्यंत हसत होती. कशाला, ते सांगेना.

१७ मे
पाऊस नाही. तळं खाली गेलं. आणि आज सकाळी, काय लिहू! काठापासून जरा आत, शेवाळातून वर आलेलं, लांबट, गुळगुळीत, कडा गोलाकार. हिरवट रंगाचा दगड. असा दगड या भागात कुठेच मिळत नाही! म्हणजे लांबून आणलाय. लांबून दगड कोण आणवतो? राजा.

सिंहासन. राजा पॅडाचा राज्याभिषेक याच दगडावर झाला.

हिल्डाला हात धरून तळ्यावर नेलं. तिनं बघितलं. म्हणाली, डेस्मंड, तो आपला बाथटब आहे.

१८ मे
हिल्डाचं म्हणणं नोंदवून ठेवतो, म्हणजे कुणी एकांगी म्हणायला नको. ती म्हणते, न्हाणीघर नवीन केलं तेव्हा जुना हिरवा टब तिनं आणि रॉननं तळ्यात उपडा ढकलला. बेडकांना बसायला.

हे अशक्य आहे. तो टब भंगारात द्यायला मी तिला स्वच्छ सांगितलं होतं. आणि हिल्डा माझं ऐकते.

रॉनलाही विचारलं. म्हणाला, अरे मीच ढकलला की! पाठ धरली होती माझी चार दिवस. रॉनच्या आठवणीवर विसंबणं म्हणजे गाळात खुंटा ठोकणं.

२६ मे
काठावरून मासे धरायच्या काठीनं सिंहासनावर टकटक केली. आवाज पोकळ!

म्हणजे खाली पोकळी आहे. म्हणजे समाधी. राजा सिंहासनाखालीच पुरलाय. हे तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

हिल्डाला सांगितलं. ती म्हणाली, उपडा टब पोकळच वाजतो रे माझ्या राजा. नवऱ्याला 'राजा' म्हणायची ही पहिलीच वेळ. हळूहळू पटायला लागलंय तिला.

१० जून
कौन्सिलचा निर्णय : जुलैच्या जत्रेत दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग गावानं हात वर करून ठरवायचं. राजा की बेडूक. जिंकेल ते रॉन कोरणार, आणि सप्टेंबरात सुगीच्या सणाला पाटीचं उद्घाटन. बेडकाची बाजू हिल्डा मांडणार. माझीच बायको माझ्याविरुद्ध! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मिसेस ऑक्सबरो म्हणाल्या, तुम्ही नुसतं बोलणार की काही दाखवणार? मी म्हणालो, दाखवणार. आणि त्याच क्षणी मला सुचलं.

राज्याभिषेक. त्याच दगडावर. सगळ्या गावासमोर. राजा मी.

२८ जून
तयारी जोरात. झगा : दिवाणखान्याचा लाल पडदा. मुकुट : केकचा पत्र्याचा साचा, वरच्या कडेला कात्री मारून कंगोरे काढलेत. हिल्डा म्हणाली, त्या साच्यात मी जत्रेचा केक करणार होते. मी म्हणालो, इतिहासासमोर केक किस झाड की पत्ती. ती म्हणाली, दगडावर पाय ठेवू नकोस, बुळबुळीत आहे, आणि गाळ किती खोल आहे ते तुला माहीत नाही. हे मात्र ती हसत म्हणाली नाही.

काळजी करते बिचारी. पण राजाचा तोल जात नसतो.

११ जुलै, सकाळ
जत्रा. ऊन छान. आरशात मुकुट घालून बघितला. हनुवटी तंतोतंत. आज संध्याकाळी ही वही एक वेगळाच माणूस लिहिणार.

११ जुलै, संध्याकाळ
भिजलो. उद्या लिहीन.

१२ जुलै
अंग दुखतंय. शांतपणे, क्रमानं लिहितो. गैरसमज पसरायला नकोत.

हिल्डा आधी बोलली. दोनच वाक्यं. म्हणाली, बेडूक गावाच्या आधीपासून इथे येतायत, आणि दरवर्षी न चुकता येतात. आपल्यातल्या काहींना बोलावूनही मीटिंगला येता येत नाही. लोक हसले. सवंग.

मग मी. केक, नारळफेक, ब्रास बँड, सगळं सोडून गाव तळ्याकाठी जमलं. पडदा खांद्यावर, साचा डोक्यावर, हातात राजदंड (हिल्डाची छत्री). काठापासून दगडापर्यंत फळी टाकली होती. चाललो. एक पाय दगडावर ठेवला. दुसरा ठेवला. पॅडमर्टनच्या प्रजाजनहो, असं म्हणालो. पूर्ण नाव, शिस्तीत.

दगड हलला.

दगड हलतात. जुने असले की हलतात. हा जरा जास्त हलला आणि एका बाजूनं उठला. मी दुसऱ्या बाजूनं गेलो. गाळ कमरेपर्यंत. बाहेर यायला जितकी धडपड करावी तितका आत. आधाराला हाताला जे लागलं ते धरलं, तर ती साखळी होती. टोकाला काळं रबरी बूच. साखळी ओळखीची वाटली. मीच बसवली होती, मूळची तुटली म्हणून.

सिंहासन तोवर पूर्ण उलटं होऊन शेजारी तरंगत होतं. हिरवा टब. साबण ठेवायचा खळगा स्पष्ट दिसत होता.

आणि नेमका तोच दिवस पिल्लांनी निवडला होता. नखाएवढे बेडूक, शेकड्यांनी, तळ्यातून बाहेर निघालेले. वाटेत मी. खांद्यावरून, कानावरून, साच्याच्या कंगोऱ्यांवरून. कुणालाही घाई नव्हती. गावाला तर मुळीच नव्हती. बँडवाल्यांनी आपणहून राष्ट्रगीत वाजवलं, 'देवा, राजाचं रक्षण कर'.

हिल्डा मात्र धावली. बूटमोज्यांसकट गुडघाभर पाण्यात आली आणि ओरडली, मूर्खा, हलू नकोस! तिचा आवाज रडवेला होता. एवढं मला नीट ऐकू आलं.

रॉननं ट्रॅक्टर आणला. माझ्या काखेत दोर बांधला. मिसेस ऑक्सबरो काठावर उभ्या राहून सूचना देत होत्या. म्हणाल्या, घाई नको, मिस्टर पिलबीम. आधी आरसा, मग सिग्नल, मग हालचाल. अख्खं गाव एका सुरात म्हणायला लागलं : आधी आरसा! मग सिग्नल! किती जणांना मी नापास केलंय ते त्या क्षणी कळलं.

आलो बाहेर. एक बूट राहिला.

मतदान तिथेच झालं. बेडूक. सगळे हात वर. माझे हात अजून दोरात अडकलेले होते, नाहीतर राजाला एक मत नक्की होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१३ जुलै
संकल्प : घराबाहेर पडायचं नाही. कधीच.

१५ जुलै
दूध संपलं. दुकानात गेलो. आत शिरताच सगळे वळून बघायला लागले. मग दुकानदारीण म्हणाली, या डेस्मंड, बूट मिळाला का? मागे कुणीतरी म्हणालं, हळू रे, डेस्मंडला आधी आरसा बघू दे. हसले सगळे. मीही हसलो, दुसरं करणार काय?

घरी आल्यावर लक्षात आलं. 'ते नवीन आलेले' कुणीच म्हणालं नाही. डेस्मंड म्हणाले.

बरं वाटलं. लिहितोय म्हणून खरं लिहितो, फार बरं वाटलं.

२ ऑगस्ट
आज दोन बायका माझ्यासमोर बोलत होत्या. एक म्हणाली, कुत्रा सापडला का? दुसरी म्हणाली, हो, डेस्मंडच्या डुबकीपाशी बसला होता.

डेस्मंडची डुबकी. तळ्याच्या त्या कोपऱ्याला म्हणतात. पोस्टमनही म्हणतो. कौन्सिलनं पायवाटेवर बाणाची लाकडी पाटी लावली, तिच्यावरही तेच.

जिंकलो! गावाच्या भूगोलात गेलो मी! राजा पॅडाला पाटीही मिळाली नाही, मला बाण मिळाला. लगेच मिसेस ऑक्सबरोंकडे गेलो आणि म्हणालो, पूर्ण नाव घाला, डेस्मंड पिलबीम यांची डुबकी, म्हणजे पुढच्या पिढ्यांचा गोंधळ नको. त्या म्हणाल्या, अत्यंत इंटरेस्टिंग.

म्हणजे नाही. आता कळायला लागलंय.

३० ऑगस्ट
या गावाच्या जिभेला हाड नाही. डेस्मंडची डुबकी म्हणायला किती वेळ लागतो? आता नुसतं 'डेस्डुब' म्हणतात. डेस्डुबला जातो, डेस्डुबवरून वळ. पॅडमर्टनचं पॅम्न व्हायला हजार वर्षं गेली. माझी वाट उन्हाळा संपायच्या आत लावली.

पबमध्ये निषेध नोंदवला. रॉन म्हणाला, अरे, जे नाव रोज तोंडात असतं तेच झिजतं. पायरीसारखं. मग स्वतःच्या पैशानं मला बिअर पाजली.

१३ सप्टेंबर
सुगीचा सण. पाटीचं उद्घाटन. पडदा ओढला (आमचाच, लाल, गाळ अजून गेला नाही). बेडूक. मोठा, तळ्याकाठी बसलेला, डोक्यावर लहानसा मुकुट, कंगोऱ्यांचा. रॉननं आपल्या मनानं घातला म्हणे. लोक बेडकाच्या तोंडाकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. काहीही साम्य नाही. हनुवटी सोडली तर.

खाली बारीक अक्षरांत : संशोधन, हिल्डा पिलबीम.

आडनाव तरी आलं. हिल्डानं गर्दीत माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणाली, परत पडशील.

२७ सप्टेंबर
आज दुपारी तळ्याकाठच्या बाकावर बसलो होतो. एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, काठी, टोपी, गळ्यात नकाशा. बाणाच्या पाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, इथल्या लोकांना विचारलं, डेस्डुब ते हेच ना? मी म्हणालो, हेच.

बसले शेजारी. म्हणाले, नाव ऐकल्याबरोबर मी ओळखलं, अस्सल सॅक्सन. डेसा नावाचा संत. इथे उभा राहून तो लोकांना पाण्यात बुडवून धर्माची दीक्षा देत असणार. इतिहासात त्याचा उल्लेख नाही, पण त्यावरूनच कळतं किती जुना ते. आणि तो हिरवा दगड बघा, म्हणाले, अभिषेकाचा. (टब पुन्हा उपडा घातलाय आम्ही, बेडकांना लागतो.)

मनात आलं, हो म्हणावं. संत डेसा. वाईट नाही. कोण विचारतंय?

पण का कोण जाणे, या एका गोष्टीत मला खोटं चालेना. मी म्हणालो, नाही हो, डेसा नाही. डेस्मंड. तो मी. जुलैत पडलो इथे, डोक्यावर केकचा साचा होता. तो दगड नाही, आमचा बाथटब आहे. मला सिंहासन वाटलं होतं. नाव माझ्यामुळे पडलं, अख्ख्या गावाला विचारा.

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मग टबाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे, फार प्रेमळपणे. माझा खांदा थोपटला, काठी उचलली आणि उठले.

म्हणाले, अत्यंत इंटरेस्टिंग.